रोजचे सरपण : ख्रिस्ती जीवनातील उद्योग व आत्मिक उत्साह

कोणतीही लोकोपयोगी संस्था जन्मास येते ती कोणाच्या तरी अंतःकरणातील उत्साहाने, आणि टिकते ती कोणाच्या तरी हातच्या उद्योगाने. पहिल्या वर्षी वर्गणी गोळा करण्यास दहा जण धावून येतात. दहाव्या वर्षी जमाखर्चाची वही लिहिण्यास एक जण मिळणे कठीण होऊन बसते. उलटपक्षी असेही घडते की, वही चोख राहते, सभा वेळेवर भरते, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम होते. परंतु ज्या कळवळ्यापोटी हा सारा खटाटोप आरंभिला तो कळवळा मात्र शोधूनही सापडत नाही. एका ठिकाणी आग आहे पण सरपण नाही. दुसऱ्या ठिकाणी सरपण रचलेले आहे पण आग विझली आहे. संस्थेच्या महोत्सवप्रसंगी कार्यकर्त्यांच्या मनात हा विचार आल्यावाचून राहत नाही.

माणसाच्या धर्मजीवनातही नेमका हाच पेच उभा राहतो, आणि सर्व धर्मांतील थोर पुरुषांनी त्याचा विचार केला आहे. ख्रिस्ती परंपरेने तो कसा केला, हे सांगण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक धर्माने मुसलमान व पेशाने शिक्षक आहे. इतिहास शिकविण्याच्या निमित्ताने ख्रिस्ती साधकांची चरित्रे वाचण्याचा योग आला आणि त्यांतील हा धागा मनास फार भावला. ख्रिस्ती बांधवांना ह्यातील पुष्कळ गोष्टी ठाऊक असतील. इतर वाचकांकरिता त्या एकत्र मांडीत आहे.

पौलाच्या तीन सूचना

येशू ख्रिस्ताचा प्रेषित पौल ह्याने इ. स. ५७ च्या सुमारास रोम येथील मंडळीस एक पत्र लिहिले. नव्या करारात ते समाविष्ट आहे. त्याच्या बाराव्या अध्यायात, नित्याच्या वागणुकीविषयी सांगताना, त्याने एका दमात तीन सूचना दिल्या आहेत. पहिली, तत्परतेत ढिलाई नको. दुसरी, आत्मा तापलेला हवा. तिसरी, चाकरी प्रभूची हवी. पत्र ग्रीक भाषेत आहे. तत्परतेसाठी पौलाने 'स्पूदे' हा शब्द योजिला आहे. त्यात त्वरा, आस्था आणि झटून काम करणे ह्या तिन्ही छटा येतात. दुसऱ्या सूचनेतील क्रियापदाचा मूळ अर्थ 'उकळणे' असा आहे. चुलीवर ठेवलेल्या भांड्यातील पाणी जसे खळखळते तसा आत्मा असावा, असे पौलाला म्हणावयाचे आहे.

तिसरी सूचना वरवर पाहता साधी वाटते; परंतु पहिल्या दोहोंचा तोल तीच सांभाळते. उत्साह ही स्वतः चांगली वस्तू आहे असे पौल मानीत नाही, आणि त्याचे कारण त्याच्या पूर्वायुष्यात आहे. ख्रिस्ती होण्यापूर्वी ह्याच मनुष्याने धर्माच्या आवेशाने ख्रिस्ती मंडळीचा छळ केला होता. तेव्हाही तो उद्योगी होता, तेव्हाही त्याचा आत्मा उकळत होता; पण त्या उकळीने लोक भाजले. म्हणून आवेश किती आहे ह्याबरोबर तो कोणाच्या चाकरीत आहे, हेही पाहावे लागते. सेवेची दिशा नसलेला उत्साह हा ख्रिस्ती शिकवणुकीत गुण ठरत नाही.

पौल स्वतः हातांनी काम करून पोट भरीत असे. तंबू तयार करणे हा त्याचा धंदा. करिंथ शहरात अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्या त्याच धंद्यातील दांपत्याकडे राहून तो काम करी आणि शब्बाथ दिवशी उपदेश करी, असे 'प्रेषितांची कृत्ये' ह्या ग्रंथात नमूद आहे. थेस्सलनीका येथे काही लोक कामधंदा सोडून इतरांच्या उठाठेवी करीत फिरू लागले, तेव्हा त्यांची कानउघाडणी करताना, जो काम करीत नाही त्याने जेवणाचीही अपेक्षा धरू नये, अशा अर्थाचे खडे बोल त्या मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आले आहेत. भक्तीच्या नावाखाली आळसाला आसरा मिळू नये, हा दंडक अशा रीतीने अगदी आरंभापासून घातला गेला.

वेदीवरचा अग्नी

उत्साह ही देवाची देणगी असेल तर माणसाने उद्योग कशासाठी करावयाचा, आणि उद्योगानेच सर्व साधत असेल तर देणगीचे काय, अशी शंका येथे कोणीही घेईल. ह्या शंकेचे समाधान जुन्या करारातील एका विधीत फार सुंदर रीतीने सापडते. लेवीय ह्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात वेदीवरील पहिल्या अर्पणावर परमेश्वराकडून अग्नी उतरला असे वर्णन आहे. परंतु त्याआधी सहाव्या अध्यायातच याजकांस आज्ञा आहे की, वेदीवरचा अग्नी विझू द्यावयाचा नाही. दररोज सकाळी त्यावर लाकूड घालावयाचे, आणि रात्रभरात साठलेली राख काढून नेऊन टाकावयाची.

ह्या विधीतील कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. अग्नी वरून आला. तो याजकाने निर्माण केला नाही. मात्र लाकूड वरून पडत नाही. ते याजकानेच रोज आणावयाचे. ख्रिस्ती आचार्यांनी आत्मिक उत्साहाचा विचार पुष्कळदा ह्याच रूपकातून केला. तीमथ्य ह्या तरुण शिष्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही, अंगी असलेले कृपादान निखाऱ्यासारखे फुलवीत राहण्याचा उपदेश आहे. निखारा मिळालेला आहे. फुंकर मात्र ज्याची त्याने घालावयाची.

राखेची गोष्टही विसरता कामा नये. कालच्या आगीची राख आजच्या आगीला गुदमरविते. कालची पुण्याई, कालची वाहवा, कालचे रुसवेफुगवे हे सर्व राखेच्या सदरात मोडतात. आपल्या घरातील चूल पेटविणारी प्रत्येक गृहिणी हे जाणत असे की, आधी राख काढावी आणि मगच लाकूड घालावे.

भर दुपारचा शत्रू

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात हजारो ख्रिस्ती तपस्वी एकांतात राहत. त्यांच्यापैकी इव्हॅग्रियस नावाच्या विद्वान साधूने (मृत्यू इ. स. ३९९) मनाच्या विकारांची अत्यंत सूक्ष्म चिकित्सा केली. त्याने एका विकाराला सर्वांत जाचक म्हटले आहे. ग्रीक भाषेत त्याचे नाव 'अकेडिया'. आपण त्यास उबग किंवा विरस म्हणू. हा विकार सकाळी दहाच्या सुमारास येतो व दुपारी दोनपर्यंत छळतो. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. साधू पुन्हा पुन्हा खिडकीतून डोकावतो, कोणी भेटावयास येत आहे काय ते पाहतो. ही जागा वाईट, हे काम निरर्थक, येथील लोकांत प्रेम उरले नाही, दुसरीकडे गेलो तर बरे होईल, असे त्याच्या मनात येऊ लागते. मधल्या सुट्टीनंतरचा तास घेणाऱ्या कोणत्याही शिक्षकास हे वर्णन परके वाटणार नाही!

ह्या वर्णनात एक खोल सत्य आहे. उत्साह मावळतो तो पहाटेही नव्हे आणि सायंकाळीही नव्हे. तो मधल्या वेळी मावळतो. आरंभाचे नावीन्य ओसरलेले असते आणि शेवट दृष्टिपथात आलेला नसतो. मोठ्या पापांपेक्षा हा मधला कंटाळाच पुष्कळ साधकांना मार्गावरून खाली उतरवितो. वाळवंटातील वडीलधाऱ्यांचा त्यावरचा उपाय असा की, जागा सोडू नये, हातातील काम थांबवू नये, आणि लहानशी प्रार्थना वारंवार करावी. दोर वळणे व टोपल्या विणणे ही त्यांची नेहमीची कामे होती.

ह्याच अनुभवाला पुढे इटलीतील संत बेनेडिक्ट ह्याने नियमांचे रूप दिले. इ. स. ५२९ च्या सुमारास त्याने माँटे कॅसिनो येथे मठ स्थापिला. त्याच्या नियमावलीत ७३ प्रकरणे आहेत. दिवसातून सात वेळा व रात्री एकदा सामुदायिक प्रार्थना, ठरलेल्या तासांना शरीरश्रम, ठरलेल्या तासांना वाचन, असा दिवस बांधून दिलेला आहे. आळस हा आत्म्याचा वैरी होय, अशी त्याची धारणा होती. पाच वेळच्या नमाजाने ज्याचा दिवस बांधलेला आहे अशा माझ्यासारख्याला हे वेळापत्रक ओळखीचे वाटले तर नवल नाही. मन लागो वा न लागो, वेळ झाली की उभे राहावयाचे. पुष्कळदा मन मागाहून येऊन मिळते.

बेनेडिक्टच्या नियमावलीतील आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मठातील भांडीकुंडी व अवजारे कोठारावरच्या माणसाने वेदीवरील पवित्र पात्रांइतक्याच आस्थेने सांभाळावीत, अशी त्याची आज्ञा आहे. कुदळ आणि पूजापात्र ह्यांत भेद नको. उद्योग व उपासना ह्यांच्यामधील भिंत ह्या एका वाक्याने पडते.

लाकूड आहे, अग्नी नाही

नियमांचे एवढे गुणगान ऐकून कोणास वाटेल की, नियम पाळले म्हणजे सर्व झाले. तसे नाही, हे जॉन वेस्ली (१७०३–१७९१) ह्याच्या चरित्रावरून कळते. ऑक्सफर्ड येथे असताना तो व त्याचे मित्र प्रार्थना, उपवास, तुरुंगातील कैद्यांच्या भेटी हे सर्व इतक्या काटेकोरपणे करीत की, इतरांनी थट्टेने त्यांचे नाव 'मेथडिस्ट', म्हणजे पद्धतीने वागणारे, असे ठेविले. पुढे तो धर्मप्रसारासाठी अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत गेला आणि निराश होऊन परतला. नियम होते, ऊब नव्हती. अखेर २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका लहान सभेत, रोमकरांस लिहिलेल्या पत्रावरील ल्यूथरची प्रस्तावना वाचली जात असता, आपले तारण ख्रिस्तावरच्या विश्वासाने झाले आहे ही खात्री त्याच्या मनात उगवली व अंतःकरणाला ऊब आली, असे त्याने नोंदवून ठेविले आहे.

ह्यापुढे त्याने काय केले, हे महत्त्वाचे आहे. अग्नी मिळाला म्हणून त्याने लाकडे टाकून दिली नाहीत. पहाटे चारला उठण्याचा व पाचला उपदेश करण्याचा परिपाठ त्याने पुढे म्हातारपणापर्यंत चालविला आणि घोड्यावरून सारा इंग्लंड पालथा घातला. पूर्वीचेच नियम, पण आता ते ओझे न राहता इंधन झाले.

मराठीच्या अंगणातील साक्षी

ही उदाहरणे दूरची झाली. आपल्या मराठी भाषेच्या अंगणातही ह्या शिकवणुकीच्या खुणा उमटलेल्या आहेत, आणि महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपणांस त्यांचे अगत्य अधिक असावयास हवे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, तेव्हा त्याचे वय तिशीच्या आसपास होते. साष्टी भागात राहून त्याने येथील भाषा आत्मसात केल्या. ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. येण्यापासून छपाईपर्यंत जवळजवळ ३७ वर्षे लोटली. परक्या भाषेत इतकी ओवीरचना करावयाची तर नुसत्या उमाळ्याने ते होत नाही. आणि उमाळ्यावाचून, केवळ कर्तव्य म्हणून, ती इतकी रसाळही उतरत नाही.

विल्यम केरी हा मूळचा इंग्लंडातील चांभारकाम करणारा. तो १७९३ साली बंगालात आला. फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठीही शिकवी. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. ११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. खिळे, कागद आणि कित्येक वर्षांच्या श्रमांची हस्तलिखिते जळून गेली. मुद्रणयंत्रे तेवढी वाचली. केरी व त्याचे सहकारी वितळलेले शिसे गोळा करून पुन्हा खिळे पाडू लागले, आणि गेलेली भाषांतरे पुन्हा लिहावयास बसले. आपल्या अंगी काही असेल तर ते चिकाटीने चालत राहणे एवढेच, अशा आशयाचे उद्गार केरीने स्वतःविषयी काढलेले आहेत.

परंतु उद्योग व उत्साह ह्यांचा संपूर्ण संगम पाहावयाचा तर पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र वाचावे. तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले. विवाहानंतर दोन वर्षांतच, १८८२ मध्ये, पती निवर्तले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या; त्यांच्यासाठी केडगाव येथे 'मुक्ती' वसले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली तेथे आणल्या गेल्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी नाना कामे तेथील स्त्रिया चालवीत.

ह्याच मुक्तीमध्ये १९०५ साली मोठे आत्मिक जागरण झाले व त्याची वार्ता परदेशांतही पोचली. लोकांना ते एकाएकी घडल्यासारखे वाटले. परंतु त्या वर्षाच्या जानेवारीपासून रमाबाई व काही मुली रोज सकाळी जमून त्यासाठी प्रार्थना करीत होत्या, आणि जागरण झाले ते जूनअखेरीस. सहा महिने दररोज सरपण रचले जात होते. जागरण ओसरल्यावरही शाळा व कारखाना बंद पडला नाही.

रमाबाईंनी ग्रीक व हिब्रू ह्या मूळ भाषांचा अभ्यास करून, सामान्य स्त्रीलाही कळेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबलचे भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. हे काम कित्येक वर्षे चालले. उतारवयात त्यांना ऐकू येईनासे झाले. संस्थेची पुढची धुरा जिने वाहावयाची ती एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ मध्ये निवर्तली. तरीही लेखणी थांबली नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते समग्र प्रसिद्ध झाले. दुःखाने ज्या वेळी अग्नी विझावयाचा, त्या वेळी रोजच्या पानाने तो जागा ठेविला, असेच म्हणावे लागते.

अभ्यासाचे मार्ग

मग सामान्य संसारी ख्रिस्ती मनुष्याने हे गुण अंगी कसे बाणवावयाचे? परंपरेने सुचविलेले मार्ग थोडक्यात असे आहेत.

पहिला मार्ग वेळेचा. प्रार्थनेची व शास्त्रवाचनाची वेळ लहान असो, पण ठरलेली असावी. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे अधिक फळ देतात.

दुसरा मार्ग झाडणीचा, म्हणजे वर सांगितलेली राख काढण्याचा. जेझुइट पंथाचा संस्थापक संत इग्नेशियस ह्याने आपल्या सहकाऱ्यांस दररोज आत्मपरीक्षणाची शिस्त लावून दिली. आज देवाने काय दिले, त्याचे मी काय केले, उद्या काय सुधारावयाचे, एवढे प्रश्न रात्री निजण्यापूर्वी पुरेसे आहेत.

तिसरा मार्ग हातातील कामाचा. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा सेवक स्वयंपाकघरात राबे. पुढे तो वहाणा दुरुस्त करी. भांड्यांच्या खडखडाटातही देवाच्या सान्निध्यात राहता येते, हा त्याचा अनुभव. कामासाठी देवाला सोडावे लागत नाही आणि देवासाठी काम टाकावे लागत नाही.

चौथा मार्ग संगतीचा. एकटा निखारा लवकर काळा पडतो. म्हणूनच इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, एकत्र जमण्याचा परिपाठ मोडू नका, असे बजाविले आहे.

पाचवा मार्ग विश्रांतीचा आहे, आणि उद्योगी माणसे तोच विसरतात. लूकच्या शुभवर्तमानात मार्था व मरिया ह्या बहिणींची कथा आहे. मार्था पाहुणचाराच्या धांदलीत होती; मरिया येशूच्या पायांशी बसून ऐकत होती. येशूने मार्थेचे काम वाईट ठरविले नाही. त्या कामापायी तिचा जीव कासावीस झाला होता आणि ती बहिणीवर चिडली होती, हे दाखवून दिले. काम करता करता इतरांविषयी कडवटपणा येऊ लागला की समजावे, आता थोडे बसण्याची वेळ झाली आहे. साप्ताहिक विसाव्याचा दिवस ह्याचसाठी आहे.

संस्था चालविणाऱ्यांस ह्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. ज्यांनी कधी काळी अग्नी आणला त्यांची नावे आपण महोत्सवात आदराने घेतो, आणि ती घ्यावयासच हवीत. परंतु मधल्या काळात कोणी रोज पावत्या फाडल्या, कोणी वाचनालयाचे कुलूप वेळेवर उघडले, कोणी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज रात्री जागून तपासले, त्यांची नावे बहुधा कोठे लागत नाहीत. भर दुपारच्या उबगाला तोंड त्यांनीच दिले. ख्रिस्ती परंपरेच्या हिशेबी त्यांचे ते काम उपासनेच्याच सदरात जमा होते. आता ज्यांच्या हाती संस्था येत आहे त्या तरुणांनी उत्साह येण्याची वाट पाहत बसू नये. आपल्या वाट्याचे लाकूड उद्या सकाळी, ठरल्या वेळी, घेऊन यावे.